लेकीचे पॉइंट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. अकोला

नाक चोंदलंय, डोकं भणभणतंय, पण आजचं लिहायलाच पाहिजे.

मालकांनी, खुशालरावांनी, केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं, गेली नोकरी. दिवाळीत उटण्याच्या विक्रीचा माझा अंदाज सपशेल आपटला होता, गोडाऊनमध्ये अजून खोकी पडून आहेत. पण त्यांनी चहा पुढे सरकवला. म्हणाले, "दीपमाला मॅडम, आपल्या दुकानाच्या अकरा शाखा. अकोला, राजापेठ, बडनेरा, अकोट, दर्यापूर, परतवाडा, सगळ्यायले आपण एकच माल पाठवतो. राजापेठेत जे दोन दिवसांत उडते, ते दर्यापूरले धूळ खाते. तुमी शाखायचे गट पाडा. सारख्या सारख्या एका ठिकाणी. एका गटाले एक माल."

मी हो म्हटलं. मग ते कपात बघत म्हणाले, "अन् जी कुठंच बसत नाही, ती शाखा बंद करू. लोढणं कशाले गळ्यात?"

म्हणजे हे नुसतं आकड्यांचं काम नाही. एखाद्या गावचं दुकान माझ्या कागदावर बंद होणार. मी तेव्हा एवढा विचार केला नाही, खरं सांगते. मला एवढंच ऐकू आलं की हे जमलं तर डिसेंबरनंतर मी पक्की. दोन वर्षं कंत्राटावर आहे, आता कंटाळा आला. संख्याशास्त्रात एमएस्सी करून उटण्याची खोकी मोजायची म्हणजे काय!

येताना आपल्याच दुकानातून आलं, गवती चहा अन् बाम घेतला. घरात पाय ठेवते तर आईचा फोन. "काढा घेतला काय? आवाज कसा बसला तुहा." मी अजून 'हॅलो'सुद्धा म्हटलं नव्हतं. आई म्हणजे आई.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नवऱ्याला, संघपालला, माझं काम समजावून सांगितलं. तो ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो, आकडे बघितले की त्याला जांभई येते.

मी म्हटलं, एका शाखेची वर्षाची लाखो बिलं. ती कोण वाचणार? म्हणून प्रत्येक शाखेचा चार ओळींत सारांश करायचा. ग्राहक किती, महिन्यातून किती वेळा येतात, एका खेपेला किती सामान नेतात, त्यात किराणा किती अन् हौसेचं किती. मग ज्यांच्या चार ओळी एकमेकींशी जुळतात, त्या शाखा एका गटात.

"म्हणजे प्रगतिपुस्तक," तो म्हणाला.

"नाही रे, बायोडाटा. स्थळाचा असतो तसा. उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा. सगळा माणूस चार ओळींत."

"तुझ्या बायोडाट्यात 'स्वभाव शांत' लिहिलं होतं," म्हणाला, अन् उशी येईल म्हणून आधीच सरकला. आलीच.

बायोडाट्याची उपमा मात्र झकास आहे, खुशालरावांपुढे वापरीन.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाप्पा बाप्पा! काय घाण आहे या माहितीत!

आमच्याकडे ग्राहक म्हणजे मोबाईल नंबर. काउंटरवर नंबर सांगायचा किंवा कार्ड दाखवायचं, त्यावर पॉइंट जमा होतात अन् व्हॉट्सअॅपवर बिल येतं, एकेक जिन्नस लिहून. (माझ्या फोनवर कधी येत नाही. दुकानचीच म्हणून मला वगळलं असेल. बरंच आहे, नसती कटकट. कार्ड तेवढं आहे, लग्नाआधी परतवाड्याला काढलेलं, कोपरा तुटलेलं.) माझ्याकडे माहिती येते तेव्हा खरे नंबर झाकून त्याजागी सांकेतिक आकडे टाकलेले असतात. ते योग्यच आहे, कोण काय खातं ते मला कशाला कळायला पाहिजे?

तर आज काय दिसलं? एकच ग्राहक सकाळी अकोल्यात तांदूळ घेतो अन् दुपारी परतवाड्यात साबण. पंधरा मिनिटांच्या फरकानेसुद्धा! उडत जातो काय? अन् असा एकदोन नाही, परतवाड्याच्या यादीत तर रांगच लागलीय. अकोटात, दर्यापुरात पण आहेत. मी त्यांचं नाव ठेवलं भुतं.

काउंटरवरच्या लोकांचा आळस, दुसरं काय! घाईत कोणताही नंबर ठोकत असतील. मी नियम केला: ज्या शाखेत त्या नंबरावर जास्त खरेदी, तो ग्राहक त्या शाखेचा. दुसऱ्या शाखेतली त्याची बिलं चुकीची, खोडून टाका. एका फटक्यात सगळं साफ. असा आनंद झाला, जसा आपण माळा झाडल्यावर होतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काही विशेष नाही. वांग्याची भाजी करपली. संघपालने मुकाट्याने खाल्ली, याचा अर्थ त्याला काहीतरी पाहिजे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काहीतरी पाहिजेच होतं. त्याचे दोन मित्र जेवायला. त्याने माझं कार्ड नेऊन दुकानातून बासमती, पनीर, पापड आणले. मी कांदा चिरत होते तर आईचा फोन. "पाव्हणे हायेत काय वं? दमू नको. पापड तळून ठेव आधी." मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? म्हणे, "मायले समजते."

तिला म्हटलं, एवढं समजतं तर ये ना इकडे. नवीन घर घेऊन वर्ष झालं, तू उंबरासुद्धा नाही बघितला. तर नेहमीचंच: "तुह्या घरी काय काम माह्यं? बाबाले इथं कोण पाहीन?" बाबा धडधाकट आहेत, सकाळी दोन गावं फिरून येतात. मला राग आला अन् मी फोन ठेवला. राग म्हणजे वाईट वाटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गट पडले. तीन अगदी देखणे गट. अकोल्याच्या शाखा अन् राजापेठ एकत्र: भरपूर ग्राहक, भरल्या पिशव्या. मधल्या गावांचा दुसरा. लहान गावांचा तिसरा.

अन् परतवाडा एकटी. कुठंच बसत नाही. ग्राहक मोजके, येणं क्वचित, सामान किरकोळ.

मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच.

खुशालरावांना दाखवलं. बायोडाट्याची उपमा सांगितली, ते मोठ्यानं हसले. मग परतवाड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे तर मले वाटतच होतं. संक्रांतीनंतर शटर ओढू." पुढच्या कामाला लागलेसुद्धा.

परतवाडा माझं माहेर आहे. ते दुकान उघडलं तेव्हा मी बारावीत होते, आम्ही मैत्रिणी नुसत्या गार हवेसाठी आत जायचो. तिथले किशोरभाऊ पहिल्या दिवसापासूनचे मॅनेजर, त्यांच्या हाताखाली सहा-सात जण. त्या सगळ्यांना मी घरी बसवणार.

बोलावं का? पण काय बोलू? आकडे माझेच. माहेर म्हणून जीव तुटतोय, म्हणूनच तर मी गप्प बसायला पाहिजे. दर्यापूर एकटी पडली असती तर मला एवढा कळवळा आला असता का? नसता आला. हे लिहिताना लाज वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार

भांडण. जोरदार.

सकाळी आईने फोनवर सांगितलं, "जावयाले म्हणा, चिवडा कमी खा. आठवड्यात तीन पुडे म्हंजे काय? घसा धरीन." चिवडा कपाटात मागे लपवलेला, मला स्वतःला कालच कळलं!

म्हणजे संघपालच. सगळं सासूला सांगतो. माझा खोकला, पाहुणे, सगळं. मी त्याला तोंडावर म्हटलं, तू माझ्या आईचा हेर आहेस. तो म्हणाला, "मी त्यांच्याशी महिन्यातून एकदा बोलतो, तेही थंडी किती पडली यावर. अन् स्वतःच्या चिवड्याची चुगली मी स्वतः काहून करीन?"

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी जास्तच चिडले. दिवसभर अबोला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अबोला चालू. त्याने चहा करून ठेवला, मी प्यायले. पण बोलले नाही.

खुशालराव म्हणाले, गुरुवारी परतवाड्याला जा. माल किती, फर्निचर कोणतं इकडे आणायचं ते पाहून या, अन् किशोरला तुमीच सांगा, तुमच्या गावचा हाय. वा रे वा! मारायचं पण मीच अन् निरोप पण मीच द्यायचा.

२० नोव्हेंबर, गुरुवार. परतवाडा

अकोट-अंजनगाववरून एसटीने आले. सगळीकडे कापूस वेचणं चालू होतं. रस्ताभर वाक्यं जुळवत होते, किशोरभाऊंना कसं सांगायचं. एकही जुळलं नाही.

घरी टेकले तर आई म्हणे, "चाल, मलेही बाजारात जायचं हाय." बाजाराचा दिवस. दोघी दुकानात गेलो.

आत पाय ठेवायला जागा नाही! मी दारातच थबकले. हे माझ्या कागदावरचं मरतुकडं दुकान? आया-बायांची रांग, अन् निम्म्यांच्या हातात मोबाईल. पुढे आमच्या गल्लीतल्या पार्वताबाई, डोळ्याजवळ फोन धरून शेजारणीला मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. "माह्या लेकीनं राजापेठेत काल मेंदीचे चार कोन घेतले. नणंदेचं जमलं वाटते! अन् मले सांगतलं नाही पाय." शेजारीण म्हणाली, "माह्या पोरीनं बारीक तांदूळ घेतला. मंग पोराचं पोट बिघडलं असन."

मी बघतच राहिले. किशोरभाऊंनी काउंटरवरून हात केला अन् पार्वताबाईंना विचारलं, "काकू, लेकीचे पॉइंट लावू काय?"

"लाव ना बाप्पा, साबण दे अन् डाळ्या दे."

मी म्हटलं, काकू, लेकीचे पॉइंट म्हणजे काय हो?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी सातासमुद्रापलीकडून आले. "अवं, तू तिथंच नोकरी करतं ना? पोरगी तिकडं सामान घेते अन् नंबर मायचा सांगते. सामान सासरी, पॉइंट माहेरी! सासूले दिसत नाही, नवऱ्याले समजत नाही. अन् आपल्यालेही बरं पडते. लेकीच्या घरचं घेऊ नये म्हंतेत. पण हे कुठं लेकीनं देल्लं? हे दुकानानं देल्लं!"

सगळ्या हसल्या. मला मात्र माझी भुतं आठवली. एकच नंबर, सकाळी अकोल्यात, दुपारी परतवाड्यात. कोणी उडत नव्हतं. दोघी होत्या. लेक तिकडे जास्त घेणार, तिचा संसार मोठा; माय इकडे साबण अन् डाळ्या. माझ्या नियमाने प्रत्येक वेळी लेक राहिली अन् माय खोडली गेली.

तेवढ्यात आईचा नंबर आला. तिने पर्समधून फोन काढला. माझाच जुना फोन, लग्नाच्या वेळी सिमसकट दिलेला, काच फुटली तरी बदलू देत नाही. किशोरभाऊंनी न विचारताच नंबर टाकला. "दुर्गाकाकू, दीपमालाचे लय पॉइंट हायेत, चहापत्तीत वळते करू?"

माझं कार्ड. माझा जुना नंबर. आलं, गवती चहा, बाम. बासमती, पापड. तीन पुडे चिवडा.

मी आईलाच भूत म्हणून खोडून टाकलं होतं. माळा झाडल्यासारखा आनंद झाला होता मला त्या दिवशी.

रस्त्यात आधी मी तिच्यावरच ओरडले. चोराच्या उलट्या... जाऊ दे. म्हटलं, तू माझी बिलं वाचतेस? वर्षभर? अन् 'मायले समजते' म्हणत होतीस?

"तूच पाठवते. म्या काही मागतलं नाही," ती शांतपणे म्हणाली. "पयले वाटलं, चुकून येते. मंग वाटलं, येऊ दे. तू काय घेतलं, काय रांधलं, समजते. रोज तर येतोच ना मी तुह्या घरी. अन् राह्याले येऊन तुह्या हातचं बसून खाणं मले बरं नाही वाटत, लेकीच्या घरी."

असं आहे तर. बाबांचं कारण नव्हतंच. मी रस्त्यात उभी राहून रडले अन् ती म्हणाली, "नाक पूस, लोक पायतात."

किशोरभाऊंना काही सांगितलं नाही. संघपालला फोन करून माफी मागितली. त्याने चिवड्याची परवानगी मागून घेतली.

२३ नोव्हेंबर, रविवार. अकोला

काल अन् आज तेच काम. खोडलेली सगळी बिलं परत आणली. आता नंबर म्हणजे माणूस असं धरायचं नाही. नंबर अन् शाखा, दोन्ही मिळून एक ग्राहक. अकोल्यातली ती अकोल्याची, परतवाड्यातली ती परतवाड्याची. वर एक नवी ओळ: या शाखेतले किती नंबर दुसऱ्या गावातही चालतात.

परतवाड्याच्या चार ओळी अशा बदलल्या की ओळखू येईना. ग्राहक दुपटीहून जास्त. सामान थोडं, पण येणं नेमानं. अन् ती एकटी नाही! अकोट अन् दर्यापूर तिच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांच्याही माया मी खोडल्या होत्या, कमी होत्या म्हणून दिसल्या नाहीत एवढंच.

आनंद झाला तशी धास्तीही. खुशालराव म्हणतील, पोरगी माहेरी गेली अन् आकडे फिरवून आली. मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी संविधान दिनाचं उद्देशिकेचं वाचन झालं ऑफिसात, मग मी केबिनमध्ये.

आधीच सांगून टाकलं: माझी चूक झाली. परतवाडा बंद करण्यासारखी नाही. आयांचं सगळं सांगितलं.

खुशालराव कागद न बघताच म्हणाले, "माहेरची वकिली करून राहिल्या काय?"

"हो," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. "पण आकडे खोटे नाहीत. परतवाडा बंद केली तर त्या माया पॉइंट कुठं वापरतील? अन् मायले पॉइंट पोचत नसतील तर अकोल्यातल्या लेकी आपल्याकडे काहून येतील? दुसरी दुकानं काय कमी आहेत?"

"लेकी-मायचं मले नका सांगू. एवढ्या बाया असं करतात अन् मले मालकाले माहीत नाही?"

तेव्हा मला आठवलं. त्यांची लेक आरती राजापेठेत दिली आहे, आमच्याच दुकानातून सामान नेते. मी म्हटलं, साहेब, घरी काकूंना फोन लावा. आरतीताईंनी या आठवड्यात काय घेतलं, एवढंच विचारा.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता मात्र गेली नोकरी. पण फोन लावला, स्पीकरवर.

"काय घेतलं म्हंजे?" काकूंचा आवाज खणखणीत. "रवा घेतला, तूप घेतलं, बदाम घेतले. जावयाचा वाढदिवस झाला ना. अन् हो, उंदराची गोळी घेतली. घरात उंदीर झाले तिच्या. तुमाले काय पडलं होतं आजपर्यंत?"

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "म्या समजत होतो, हिले अंतर्ज्ञान हाय."

मी म्हटलं, मी पण.

परतवाडा राहणार! लहान पुडे, साबण, डाळ्या, चहापत्ती असा माल जाणार तिकडे, अकोटला अन् दर्यापूरलाही. अन् काउंटरजवळ बसायला बाक, हे खुशालरावांनीच सुचवलं. गटांना मी अ, ब, क नावं दिली होती. त्यांनी पेनाने खोडून एकावर 'लेक' लिहिलं अन् एकावर 'माय'. मधल्याला म्हणाले, "राहू दे मधलाच."

पक्कं करायचं तेवढं बोलले नाहीत. विचारीन पुढच्या आठवड्यात, आज सोडलं.

किशोरभाऊंना फोन केला, म्हटलं बाक येतोय. ते म्हणाले, "बाक काहून?" त्यांना कधी कळणारच नाही. बरंच आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी आपल्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं कार्ड जुन्या नंबरावर दिसते. नवा टाकून देऊ? दोन मिनिटांचं काम हाय."

मी म्हटलं, नको. तोच राहू दे.

मग परत आत गेले. पिशवीत काय टाकावं याचा विचार करायला लागले. इतके दिवस सामान घेत होते, आज पहिल्यांदा बोलायला गेले. 'ये' म्हणून वर्षभर सांगितलं तर येत नाही. तिला माझ्या हातचं बसून खायचं नाही ना? मग मी हरभऱ्याची डाळ घेतली, अर्धा किलो. गूळ, विलायची, जायफळ. पुरणयंत्र पण. पुरण मला येत नाही हे साऱ्या परतवाड्याला माहीत आहे.

घराच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर असतानाच फोन वाजला.

"पुरणाचं सामान काहून घेतलं? तुले कुठं येते?"

"तुले येते ना," मी म्हटलं.

मागे बाबा खोकले.

"अर्ध्या किलोत काय होते?" आई म्हणाली. "आणखी अर्धा किलो आणून ठेव. शनिवारी येतो."